पटलावर ठेवलेलं भाषण

माझ्या सासऱ्यांनी नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्यांची भाषणं लिहून काढण्यात घालवली. विधानमंडळात ते प्रतिवेदक होते. सभागृहाच्या मध्यभागी एक टेबल असतं. तिथे बसून आमदार जे बोलतील ते लघुलिपीत टिपायचं, आपली काही मिनिटांची पाळी संपली की उठायचं, पुढचा माणूस येऊन बसायचा आणि आपण आत जाऊन ते टाईप करायचं. एरवी मुंबई, हिवाळ्यात नागपूर. कोण हसलं, कोणी मध्येच टोकलं, कोण सभात्याग करून गेलं, ते सगळं कंसात. स्वतः बोलण्याचा प्रसंग कधी नाही.

तो निवृत्तीच्या दिवशी आला. शाल, श्रीफळ झालं आणि सगळे म्हणाले, आता तुमचे दोन शब्द. सासरे माईकपाशी गेले आणि तिथे नुसते उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेवटी हात जोडून खाली बसले. लोकांना वाटलं, गहिवरून आलं असेल, म्हणून टाळ्या वाजवल्या. गहिवर वगैरे काही नव्हता. घरी जाताना टॅक्सीत ते म्हणाले, "पस्तीस वर्षांत एकाही सदस्याचं असं झालेलं मी पाहिलं नाही."

त्यानंतर घरात हा विषय कोणी काढत नसे. सासूबाई सोडून.

दोन वर्षांपूर्वी दोघं सहा महिन्यांसाठी आमच्याकडे साउथहॅम्प्टनला आले. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, नवरा सकाळी निघतो तो संध्याकाळी परततो. सासूबाईंनी आठवडाभरात शेजारणींशी खुणांनी मैत्री केली. सासऱ्यांना काही करायला नव्हतं, म्हणून त्यांनी माझे मसाल्यांचे डबे अकारविल्हे लावले. फोडणी करताना मोहरीसाठी मला 'म'पर्यंत जावं लागे. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की ह्यांना घराबाहेर काढायचं.

आमच्या वाचनालयामागे एक छोटा हॉल आहे. तिथे महिन्यातून एका गुरुवारी परिसराच्या इतिहासाचं मंडळ भरतं. वीसेक माणसं, बहुतेक सगळी निवृत्त, चहा, केक आणि भागातल्या एखाद्या जुन्या माणसावर कोणीतरी बोलायचं. मंडळ चालवणाऱ्या बाई म्हणजे पूर्वीच्या भूगोल शिक्षिका, ऐंशी ओलांडलेल्या, ताठ. सासरे काय करत होते ते मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "संसदेतला माणूस! मग आमचा अमेरिकेतला पुढारी तुम्हीच घ्या. मे महिन्यातलं भाषण तुमचं."

सासरे म्हणाले, "येस मॅडम."

सचिवालयात जन्म गेलेला माणूस. वरून काही आलं की 'येस मॅडम' आपोआप येतं. गाडीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय कबूल केलं.

"मी भाषण करणार?" ते म्हणाले.

"तुम्हीच हो म्हणालात, बाबा."

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "ह्या वेळी निदान नारळ नाही द्यायचे, म्हणजे उचलून आणायला नको."

हा अमेरिकेतला पुढारी म्हणजे आमच्याच गोदीमागच्या गल्लीत जन्मलेला, शिडं शिवणाऱ्याचा मुलगा. एकोणिसाव्या शतकात काकाबरोबर बोटीने अमेरिकेला गेला, एका नदीकाठच्या गावात लाकडाची वखार घातली, गावच्या कारभारात शिरला, मग त्या राज्याच्या विधानसभेत, मग राज्याच्या वरच्या सभागृहात आणि शेवटी देशाच्या प्रतिनिधिगृहात दोनदा निवडून गेला. तिसऱ्यांदा पडला. पुन्हा राज्यात येऊन तुरुंगांची पाहणी करणाऱ्या समितीवर बसला. आमच्या घरात त्याचं नाव कोणी घेतलं नाही. तो विधानसभेत असताना आम्ही त्याला आमदार म्हणायचो आणि पुढे खासदार.

मंडळाला त्याचा अभिमान होता तो एका भाषणासाठी. पश्चिमेकडची मोकळी जमीन गरिबांना कसायला फुकट द्यावी, अशा विषयावरचं मोठं भाषण. त्याचं छापील पहिलं पान फ्रेम करून हॉलच्या भिंतीवर लावलं होतं. त्यातलं एक वाक्य कोरून वाचनालयाच्या दाराशी पाटी बसवायची असं ठरत होतं, आणि सासऱ्यांचं व्याख्यान त्याच निमित्ताने होतं.

सासरे कामाला लागले. तिकडची जुनी कामकाजाची पुस्तकं आता कॉम्प्युटरवर कोणालाही वाचता येतात. मी कामाहून आले की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी वही आणि वहीत लघुलिपीच्या मुंग्या. मला सगळं ऐकावं लागे.

"आज आमदारांनी मोकाट डुकरांवर विधेयक आणलं."

"पास झालं?"

"समितीकडे पाठवलं. डुकरं असतीलच अजून."

दुसऱ्या दिवशी आमदाराने पक्ष बदलला. आधीचा पक्षच मोडला होता, तेव्हा त्याला दोष देता येत नव्हता, असं सासऱ्यांचं म्हणणं. मग त्याने मित्रांबरोबर नवा पक्ष काढला, तोही टिकला नाही, मग तिसऱ्यात गेला.

"आणि वखार?" सासूबाईंनी विचारलं.

"वखार चालू होती."

"मग ठीक आहे. पक्ष काय, येतात जातात."

असे तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, आणि सासरे ते मोठं भाषण वाचत होते. वाचता वाचता थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "हे बोललेलं नाही."

"म्हणजे?"

"हे भाषण त्याने केलंच नाही. लिहून छापायला दिलंय."

मी लाटणं ठेवलं. कशावरून, असं विचारलं.

"ह्यात एकही वाक्य अर्धवट नाही. कोणी मध्ये बोललेलं नाही. एवढा मोठा वादाचा विषय, आणि समोरच्या बाकावरून एक हूं की चूं नाही? ह्याच्याआधीच्या माणसाला सात वेळा अडवलंय, नंतरच्याला पाच वेळा. आणि हा एकटा बोलतोय आणि सगळे गप्प? अगं, असं सभागृह जगात नाही." त्यांनी मला वेळेचा नियम दाखवला. तिथे एका सदस्याला तासाभराच्या वर बोलू देत नसत. हे भाषण मोठ्याने वाचलं तर दोन तास लागले असते. मग त्यांनी त्या दिवशीच्या मतदानांच्या याद्या काढल्या. हो म्हणणारे, नाही म्हणणारे आणि मत न दिलेले. आमचे खासदार तिसऱ्या यादीत होते. सकाळी नव्हते, दुपारी नव्हते, संध्याकाळीही नव्हते.

तेव्हा तिथे तशी पद्धतच होती म्हणे. न केलेलं भाषण परवानगी घेऊन छापायला द्यायचं आणि त्याच्या प्रती मतदारांना पोस्टाने पाठवायच्या. मतदाराला वाटतं, आपला माणूस राजधानीत गर्जतोय.

"मग आता?" मी म्हटलं. "पाटीचं काय?"

"सांगावं लागेल."

"न सांगून चालणार नाही का? ती बाई ऐंशी वर्षांची आहे. वाक्य चांगलं आहे. कोरू दे की."

सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी औषधाच्या बाटलीवरचं लेबल बदलायला सांगितलंय. "नोंद ती नोंद," ते म्हणाले, आणि मला तो मुद्दा पटला, कारण मी फार्मसीत काम करते.

खासदार प्रत्यक्ष बोलला होता तो एकदाच. चार वर्षांत एकदा. एका विधवेच्या पेन्शनचा कागद कुठेतरी खाली दबला होता, तो आजच वर घ्यावा, एवढीच विनंती. तीन वाक्यं. तिसऱ्याच्या मध्येच कोणीतरी विचारलं की बाई कुठली, त्यावर त्याने गावाचं नाव सांगितलं. कागद वर घेतला गेला आणि पेन्शन मंजूर झाली. सासऱ्यांना ही तीन वाक्यं फार आवडली. "हा बोलल्याचा आवाज आहे," असं म्हणत त्यांनी मला ती चार वेळा वाचून दाखवली.

सगळं हाती होतं. फक्त उभं राहून बोलायचं बाकी होतं, आणि ते त्यांना जमणार नाही हे आम्हाला दिसत होतं. मी त्यांना बैठकीत उभं करून सराव करायला लावला. ते पहिलं वाक्य म्हणायचे आणि थांबायचे. मी कार्डं करून दिली, तर ती हातात धरून गप्प. बाथरूममध्ये दार लावून छान बोलतात, असं सासूबाईंनी कळवलं. व्याख्यान आठ दिवसांवर आलं तेव्हा त्यांचं जेवण कमी झालं.

मी उपाय काढला. सगळं व्याख्यान टाईप करून पंचवीस प्रती छापल्या. तिथे नमस्कार करायचा, घसा बसलाय म्हणायचं आणि प्रती वाटायच्या. लोक घरी नेऊन वाचतील, प्रश्न असतील तर चहा घेताना विचारतील. मला वाटलं, झकास काम झालं. सासऱ्यांनी प्रती हातात घेतल्या, समासबिमास तपासला आणि पहिल्यांदा नीट जेवले.

सासूबाई भात वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याने केलं तेच."

"कोणी?"

"तुमच्या खासदाराने. बोलायचं नाही आणि कागद वाटायचे. मग गुरुवारी कुठल्या तोंडाने सांगणार, की तो बोलला नव्हता?"

मला स्वतःचाच राग आला, कारण हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सासरे म्हणाले, "प्रती बरोबर असू देत. वेळेला लागल्या तर."

गुरुवारी हॉल भरलेला होता. बाईंनी पाटीसाठी म्हणून वाचनालयातल्या लोकांनाही बोलावलं होतं. केक दोन प्रकारचे होते. सासूबाई काठापदराच्या साडीवर जांभळा कार्डिगन घालून पहिल्या रांगेत बसल्या, प्रतींची पिशवी खाली पायांशी. मी त्यांच्या शेजारी. बाईंनी ओळख करून दिली, त्यात सासऱ्यांना दोनदा बढती दिली, आणि बसल्या.

सासरे उभे राहिले. टेबलाची कड धरली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मला पुढचं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित पिशवीकडे वळवली. मी वाकले. पिशवी हलेना. सासूबाईंनी दोन्ही पाय तिच्यावर ठेवले होते, स्पोर्ट्स शूजसकट.

"आई, पाय काढा."

"नाही काढत."

हॉलमध्ये केटल तेवढी आवाज करत होती. मग सासूबाई, गच्चीतून खाली हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "अहो, बोला की! सगळे तुमच्याकडे बघतायत!"

"मध्ये बोलू नका!" सासरे ओरडले.

ते माईकमधून गेलं. स्वतःचा आवाज ऐकून ते दचकले. अध्यक्ष बाई पुढे झुकून म्हणाल्या, "माफ करा, ही सुरुवात होती का?"

"नाही, मॅडम," सासरे इंग्लिशमध्ये म्हणाले. "जांभळ्या कार्डिगनमधल्या सन्माननीय सदस्यांनी अडथळा आणला. मी त्यांना खाली बसण्याची विनंती केली."

"त्या बसलेल्याच आहेत," मागून कोणीतरी म्हणालं.

लोक हसले. आणि मी पाहिलं, सासऱ्यांनी टेबलाची कड सोडली. त्यांचा उजवा हात मोकळा झाला.

माझा सल्ला होता, की आधी बालपण सांगा, मग वखार, डुकरं, लोक खुशीत आले की केक आणि वाईट बातमी त्यानंतर. सासऱ्यांनी पहिलंच वाक्य टाकलं ते असं, "तुमच्या भिंतीवर जे भाषण आहे, ते ह्या माणसाने कधीही केलेलं नाही."

सगळ्या माना फ्रेमकडे वळल्या.

"सांगितलंत वाटतं?" सासूबाईंनी मराठीत विचारलं.

"सांगितलं."

"बरं झालं. पुढे?"

दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ, पूर्वी बंदरात क्रेन चालवायचे ते, म्हणाले, "तुम्ही तिथे नव्हता. तुम्हाला काय माहीत?" प्रश्न रागाचा होता. मला वाटलं, आता गाडी अडली. पण सासरे अशा प्रश्नाची जन्मभर वाट पाहत असल्यासारखे खुलले. त्यांनी खिशातून पेन्सिल आणि वही काढली.

"सर, आज दुपारी आपण काय जेवलात?"

"काय? सँडविच. हॅमचं. नाही, हॅम काल होतं, आज... आज चीज, कारण बायको गेली होती तिच्या, म्हणजे बायको नाही, मुलगी तिला घेऊन गेली दाताकडे, आणि तो पाव जो होता, तो... ह्याचा काय संबंध?"

सासऱ्यांनी ते सगळं लिहून घेतलं होतं. त्यांनी ते जसंच्या तसं, अडखळण्यासकट, 'ह्याचा काय संबंध'पर्यंत वाचून दाखवलं. हॉल हसून लोटपोट झाला, आणि तो क्रेनवाला सगळ्यांत जास्त हसला. मग सासरे भिंतीपाशी गेले आणि फ्रेममधलं पहिलं वाक्य वाचलं. नऊ ओळींचं होतं. तीनदा श्वास घ्यावा लागला.

"ते सँडविच बोललेलं आहे," ते म्हणाले. "हे लिहिलेलं आहे."

मग मतदानाची यादी, तासाचा नियम, पोस्टाने गेलेल्या प्रती, सगळं आलं. डुकरांसाठी वेगळी वीस मिनिटं गेली. तीन पक्ष सांगताना एक आजोबा म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच," आणि त्यावरून दोन रांगांत वाद लागला. सासरे तो शांतपणे ऐकत उभे राहिले आणि संपल्यावर म्हणाले, "आता मूळ विषयाकडे वळू." मधे मधे ते अडायचे. अडले की सासूबाई, एक अक्षर कळत नसताना, म्हणायच्या, "पुढे?" आणि ते पुढे जायचे. विधवेच्या कागदाची तीन वाक्यं त्यांनी शेवटी सांगितली, आणि 'बाई कुठली?' हा प्रश्न आवाज बदलून, मान तिरकी करून विचारला. प्रश्नकर्ता वेगळा आहे हे कळावं म्हणून.

माझं लक्ष अध्यक्ष बाईंकडे होतं. त्या ताठ बसून होत्या. भाषण संपल्यावर उठल्या, फ्रेमकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझी आई हे आम्हाला रविवारी चहाच्या वेळी वाचून दाखवायची. दोन रविवार लागायचे. एवढं त्या लोकांनी ऐकून कसं घेतलं असेल, हे कोडं मला सत्तर वर्षं पडलं होतं." मग त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, की पाटीवर विधवेच्या विनंतीचं वाक्य घालावं का. क्रेनवाल्यांचा हात सर्वांत आधी वर गेला. फ्रेम मात्र भिंतीवर राहू द्यायची, खाली 'छापलेलं, न केलेलं' अशी चिठ्ठी लावून, असं ठरलं. तो शेरा सासऱ्यांनी सुचवला. शेरे सुचवण्यात ते आधीपासून वाकबगार होते.

चहा गार झाला होता, पण कोणाचीच तक्रार नव्हती. केक संपवून आम्ही निघालो. प्रती मी वाचनालयात ठेवून दिल्या. भाषण होऊन गेलं होतं, आता कोणी वाचायला हरकत नव्हती.

गाडीत सासऱ्यांनी विचारलं, "किती वेळ बोललो?"

"तास आणि दहा मिनिटं."

"नियमापेक्षा दहा जास्त," ते म्हणाले. मग म्हणाले, "निवृत्तीच्या दिवशी मला तीन गोष्टी सांगायच्या होत्या," आणि त्या त्यांनी घर येईपर्यंत सांगितल्या. तिन्ही साध्याच होत्या. एक सहकाऱ्याच्या आजारपणाची, एक नागपूरच्या थंडीची आणि एक कँटीनची. मी सिग्नलला थांबले असताना कँटीनच्या गोष्टीला सासूबाई हसल्या, आणि मला कळलं की त्यांनीही ती पहिल्यांदाच ऐकली होती.

सहा महिने संपल्यावर दोघं पुण्याला घरी परतले. मी मोहरीचा डबा पुढे आणला. गेल्या महिन्यात सासूबाईंचा फोन आला, आवाजात तक्रार.

"तू करून ठेवलंयस हे. काल सोसायटीची मीटिंग होती. पाण्याच्या टाकीवर हे चाळीस मिनिटं बोलले."

"लोक कंटाळले का?"

"कंटाळतात कसले! त्यांनाच सेक्रेटरी केलंय. आता रोज संध्याकाळी कोणीतरी येऊन बसतं, आणि मी चहा टाकते."

"मग तुम्ही मध्ये बोलायचं, आई. थांबवायचं."

"बोलले ना," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर चाळीस मिनिटं झाली. नाहीतर पाच मिनिटांत बसले असते." आणि मागून सासऱ्यांचा आवाज आला, की फोनवर एवढ्या जोरात बोलू नये, इथे काम चालू आहे.